महायुद्धातील चिमुकल्या पाणबुड्या



दुसऱ्या महायुद्धाचा इतिहास शाळेत शिकविला जातो तो हिटलर, चर्चिल, स्टालिन यांच्या नावांनी आणि कोणत्या साली कोणी कोणावर चढाई केली या सनावळीने. परीक्षेच्या दृष्टीने ते ठीकच आहे. परंतु त्या युद्धाची काही पाने पाठ्यपुस्तकात येत नाहीत. आपल्या रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील मुसलमान घरांतून आगबोटीवर नोकरी केलेला एखादा तरी माणूस सापडतोच. तेव्हा समुद्राचे आणि जहाजाचे वेगळे प्रास्ताविक आपल्याला करावे लागू नये. आज मी आपल्यापुढे ठेवणार आहे ती हकिकत आहे तीन-चार माणसे कशीबशी मावतील एवढ्या पाणबुड्यांची.

सुरुवात एका मोठ्या जहाजापासून केली पाहिजे, कारण त्याच्यामुळेच या लहान नौकांची गरज पडली. ‘टिर्पिट्झ’ ही जर्मनीची युद्धनौका. लांबी २५१ मीटर, वजन ४२,००० टनांहून अधिक, १५ इंची आठ तोफा आणि दोन हजारांहून जास्त माणसे. १९४२ पासून ती नॉर्वेच्या किनाऱ्यावर दबा धरून होती. इंग्लंड-अमेरिकेहून रशियाला दारूगोळा, रणगाडे आणि धान्य घेऊन जाणारी व्यापारी जहाजे त्याच वाटेने जात. गंमत म्हणा की दुर्दैव म्हणा, ही नौका बंदराबाहेर न पडतासुद्धा माणसे मारीत होती. जुलै १९४२ मध्ये ‘टिर्पिट्झ निघाली’ अशा नुसत्या भीतीने ब्रिटिश नौदलाने पी.क्यू. १७ नावाच्या तांड्याला पांगण्याचा हुकूम दिला. संरक्षण गेलेली व्यापारी जहाजे एकेकटी सापडली आणि त्यांतील २४ बुडविली गेली. व्यापारी जहाजावर माणसे कोण असतात हे आपल्याला सांगायला नको. ती सैनिक नसतात. घरी मनिऑर्डर पाठविणारी, कराराच्या नोकरीवरची माणसे असतात.

टिर्पिट्झला गाठणे सोपे नव्हते. नॉर्वेचे फियोर्ड म्हणजे उंच डोंगरांत मैलोन् मैल घुसलेल्या खोल खाड्या. आपली बाणकोटची किंवा दाभोळची खाडी डोळ्यांसमोर आणा, तिच्या दोन्ही काठांवर बर्फाचे कडे उभे करा आणि पाणी शेकडो फूट खोल करा, म्हणजे थोडी कल्पना येईल. त्यात काफियोर्ड नावाच्या अगदी आतल्या फाट्यात ती नांगर टाकून होती. भोवती लोखंडी जाळ्यांचा पिंजरा होता. मोठी पाणबुडी आत शिरू शकत नव्हती, पाणतीर जाळ्यात अडकला असता आणि इंग्लंडहून निघणाऱ्या विमानांना ते अंतर फार होते. ऑक्टोबर १९४२ मध्ये, ती आणखी दक्षिणेस ट्रॉन्डहाइमजवळ असताना, एक प्रयत्न झाला होता. ‘आर्थर’ नावाच्या मासेमारी बोटीच्या पोटाखाली दोन ‘चॅरियट’, म्हणजे माणसांनी वर स्वार होऊन चालवायचे पाणतीर, बांधून नॉर्वेचे दर्यावर्दी लाइफ लार्सेन ते खाडीत घेऊन गेले. जर्मन पहाऱ्यातून बोट सुटली, पण वादळी लाटांनी दोन्ही चॅरियट तुटून बुडाले. माणसांनी बोट बुडविली आणि पायी डोंगर ओलांडून स्वीडन गाठले. त्यांतला एक जखमी ब्रिटिश खलाशी पकडला गेला आणि जर्मनांनी त्याला गोळ्या घातल्या.

मग पुढे आली ती ‘एक्स-क्राफ्ट’. लांबी ५१ फूट, वजन सुमारे ३० टन. आत उंच माणसाला सरळ उभे राहता येत नसे. पाण्यावर चालण्यासाठी गार्डनर कंपनीचे ४२ अश्वशक्तीचे डिझेल इंजिन, लंडनच्या बसला असते त्या जातीचे. पाण्याखाली बॅटरीवर चालणारी मोटर. माणसे चार: कप्तान, त्याचा मदतनीस, इंजिन सांभाळणारा कारागीर आणि डायव्हर. या नौकेवर तोफ नव्हती, पाणतीरही नव्हता. दोन बाजूंना, बैलाच्या पाठीवर गोणी टाकाव्यात तसे, दोन-दोन टन स्फोटकांचे दोन साचे बसविलेले असत. शत्रूच्या जहाजाच्या तळाखाली जायचे, आतून चाक फिरवून साचे सोडून द्यायचे, घड्याळ लावायचे आणि स्फोट होण्याआधी निघून यायचे, अशी योजना. मध्यभागी एक लहानशी खोली होती. तिच्यात पाणी भरून डायव्हरने बाहेर पडायचे आणि जाळी कापून परत आल्यावर पाणी उपसून आत यायचे. संडासही त्याच खोलीत. अन्न गरम करायला सुतार सरस पातळ करतात तसले दुहेरी भांडे. भिंतींवरून सतत पाणी ओघळत असे आणि झोपायला जागा एकावेळी एकालाच.

एवढ्याशा नौकेत चौघे माणसे स्कॉटलंडहून थेट उत्तर नॉर्वेपर्यंत, हजार सागरी मैलांहून अधिक अंतर गेली असती तर पोहोचेपर्यंत अर्धमेली झाली असती. म्हणून प्रत्येक नौकेला दोन तुकड्या दिल्या गेल्या. मोठ्या पाणबुडीने दोराने ओढत न्यायचे. त्या आठ-नऊ दिवसांत आत राहणारी तीन माणसांची ‘वाटेची तुकडी’ वेगळी, आणि शेवटी हल्ला करणारी चौघांची तुकडी वेगळी. वाटेच्या तुकडीने रात्रंदिवस पाण्याखाली राहून नौका समतोल ठेवायची, दर काही तासांनी वर येऊन थोडा वेळ हवा घ्यायची, गळती पुसायची, यंत्रे दुरुस्त ठेवायची आणि ठरल्या दिवशी नौका ताजीतवानी करून दुसऱ्यांच्या हवाली करायची. पदके दुसऱ्यांना मिळणार हे त्यांना ठाऊक होते. या स्मरणिकेच्या वाचकांत पालक बरेच आहेत. या तुकडीची किंमत त्यांना मुलांपेक्षा लवकर कळेल.

११ सप्टेंबर १९४३ रोजी लॉक केर्नबॉन या स्कॉटिश खाडीतून सहा मोठ्या पाणबुड्या निघू लागल्या. प्रत्येकीच्या मागे एक, अशा एक्स-५ ते एक्स-१० या सहा चिमुकल्या नौका. आता दोराची गोष्ट पाहा. काही नौकांना नवे नायलॉनचे दोर मिळाले होते, काहींना जुन्या पद्धतीचे मनिला दोर. समुद्र खवळला आणि दोर तुटू लागले. १६ तारखेला एक्स-९ चा दोर तुटला. ओढणाऱ्या पाणबुडीला ते लगेच कळलेही नाही. ती नौका आणि तिच्यातली वाटेची तीन माणसे पुन्हा कोणालाही दिसली नाहीत. एक्स-८ च्या स्फोटकांच्या साच्यांत पाणी शिरले, तिला वाटेतच बुडवून टाकावे लागले. एक्स-७ च्या दोराला तरंगता सुरुंग अडकून तिच्या नाकाशी येऊन थडकला. कप्तान गॉडफ्रे प्लेस पुढे सरकला आणि त्याने तो सुरुंग पायाने ढकलून मोकळा केला.

उरल्या चार. २० सप्टेंबरच्या संध्याकाळी त्यांनी दोर सोडले, सुरुंगांचा पट्टा ओलांडला आणि दुसरा दिवस आतल्या बेटांजवळ बॅटऱ्या भरण्यात घालविला. एक्स-१० चे लक्ष्य ‘शार्नहोर्स्ट’ ही दुसरी युद्धनौका होती. तिचे होकायंत्र बिघडले, पेरिस्कोपची मोटर जळाली. कप्तान केन हडस्पेथ हा ऑस्ट्रेलियन. लक्ष्य काही मैलांवर असताना त्याने परत फिरण्याचा निर्णय घेतला. आंधळेपणाने आत शिरून तो सापडला असता तर जर्मन सावध झाले असते आणि इतर नौकांची संधी गेली असती. पुढे कळले की शार्नहोर्स्ट त्या दिवशी आपल्या जागेवर नव्हतीच. माझ्या मते त्या मोहिमेतील सर्वांत अवघड निर्णय हाच होता, आणि त्याबद्दल कोणी पोवाडा गात नाही.

एक्स-६ चा कप्तान डोनाल्ड कॅमेरॉन मूळचा व्यापारी जहाजांवरचा माणूस, सतराव्या वर्षी बोटीवर चढलेला. त्याच्या नौकेच्या एका साच्यात पाणी शिरून ती कलली होती आणि पेरिस्कोपमध्ये पाणी येऊन समोरचे धूसर दिसत होते. २२ सप्टेंबरच्या पहाटे एका लहान जहाजासाठी जाळ्याचे दार उघडले गेले, त्याच्या मागोमाग तोही आत शिरला. सातच्या सुमारास नौका उथळ जागी टेकली आणि क्षणभर पाण्यावर आली. टिर्पिट्झवरच्या पहारेकऱ्याने पाहिले, पण तो एखादा मोठा मासा असावा असे ठरले! काही मिनिटांनी ती पुन्हा वर आली तेव्हा मात्र आरडाओरड झाली. पण इतक्या जवळ की मोठ्या तोफा खाली वळेनात. जर्मन खलाशी बंदुका आणि हातबाँब टाकू लागले. कॅमेरॉनने ओळखले की परतीची वाट बंद झाली. त्याने नौका टिर्पिट्झच्या अंगाला भिडविली, दोन्ही साचे तिच्या तळाखाली सोडले, नौकेत पाणी भरण्याची सोय केली आणि चौघेही वर आले. जर्मनांनी त्यांना बोटीत घेतले आणि नेले कुठे? टिर्पिट्झवरच!

या चौघांची अवस्था काय झाली असेल ते पाहा. आपणच ठेवलेल्या चार टन स्फोटकांवर ते उभे आहेत. घड्याळ एका तासाचे लावलेले आहे. चौकशी चालू आहे आणि एकही शब्द तोंडातून जाता कामा नये. त्यांची नजर पुन्हा पुन्हा मनगटाकडे जात होती. जर्मनांनाही संशय आला. जहाजाचे जलाभेद्य दरवाजे बंद केले गेले आणि नांगराच्या साखळ्या खेचून जहाजाचे तोंड बाजूला सरकविण्यास सुरुवात झाली.

इकडे प्लेसची एक्स-७ पहाटेपासून दुसऱ्याच एका रिकाम्या जागेभोवतीच्या जाळ्यात तासभर अडकून सुटली होती. ब्रिटिशांचा अंदाज होता की टिर्पिट्झची जाळी पन्नास फुटांपर्यंत असतील. ती त्याहून कितीतरी खोल, जवळजवळ तळापर्यंत होती. तरीही प्लेस कसाबसा आत शिरला, टिर्पिट्झवर आपटला, एक साचा पुढच्या बाजूस आणि दुसरा थोडा मागे सोडला. बाहेर पडताना मात्र जाळ्यांनी त्याला पुन्हा पुन्हा धरले. सकाळी ८ वाजून १२ मिनिटांनी स्फोट झाला तेव्हा तो अजून जवळच होता.

चाळीस हजार टनांची ती नौका काही फूट वर उचलली गेली आणि खाली आदळली. दिवे गेले, यंत्रे पायावरून हलली, एक तोफांचा मनोरा आपल्या बैठकीवरून उखडला, शेकडो टन पाणी आत आले. ती बुडाली नाही, तोंड सरकविल्याचा तिला फायदा झाला. पण पुढे सहा महिन्यांहून अधिक काळ ती समुद्रावर जाऊ शकली नाही. डिसेंबर १९४३ मध्ये शार्नहोर्स्टला तिच्याशिवाय बाहेर पडावे लागले आणि २६ तारखेला ब्रिटिश नौदलाने तिला बुडविले. टिर्पिट्झचा शेवट १२ नोव्हेंबर १९४४ रोजी ट्रॉम्सोजवळ विमानांच्या बाँबनी झाला.

एक्स-७ स्फोटाने खिळखिळी होऊन वर आली. प्लेस बाहेर पडून एका तरंगत्या नेमबाजीच्या लक्ष्यावर उतरला, तोच नौका इतर तिघांना घेऊन खाली गेली. आतल्या अंधारात, वाढत्या पाण्यात बसून त्यांनी श्वासाची साधने लावली आणि दार उघडण्याइतके पाणी भरण्याची वाट पाहिली. डायव्हर रॉबर्ट ऐटकिन एकटा वर आला. दोघे आतच राहिले. एक्स-५ जाळ्याबाहेर दिसली, तिच्यावर तोफा चालल्या, तिच्यातले चौघे परतले नाहीत. हिशेब असा की नऊ मृत्यू आणि सहा कैदी. नऊपैकी तीन वाटेच्या तुकडीतले. कॅमेरॉन आणि प्लेस यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

दुसरा प्रसंग युरोपातून उचलून सिंगापूरला न्यावा लागेल, कारण ब्रिटिशांनी याच जातीच्या सुधारलेल्या नौका जपानविरुद्ध पूर्वेकडे आणल्या. ३१ जुलै १९४५ रोजी जोहोरच्या सामुद्रधुनीत एक्स.ई.-३ ही नौका ‘ताकाओ’ या जपानी क्रूझरच्या पोटाखाली शिरली. कप्तान इयन फ्रेझर, डायव्हर जेम्स मॅगेनिस. पाणी इतके उथळ की नौका जहाजाचा तळ आणि समुद्राचा तळ यांच्यामध्ये फासली आणि वरचे झाकण अर्धवटच उघडले. मॅगेनिस त्या फटीतून अंग चोरून बाहेर गेला. जहाजाच्या तळावर शेवाळ आणि शिंपल्यांचा असा थर होता की चुंबकी सुरुंग चिकटेनात. त्याने ते हाताने आणि सुरीने खरवडले, हात रक्तबंबाळ झाले, आणि सहा सुरुंग लावले. तो आत येऊन धापा टाकतो आहे तोच समजले की बाजूला लावलेले एक ओझे सुटत नाही आणि त्यासह नौका परत नेता येणार नाही. कप्तान स्वतः जायला निघाला, तेव्हा मॅगेनिसने त्याला थांबविले. हे माझे काम आहे म्हणून तो पुन्हा बाहेर गेला आणि पान्याने झटून ते ओझे सोडविले. चौघेही सुखरूप परतले. रात्री ताकाओच्या तळाला मोठे भगदाड पडले. खरे सांगायचे तर ती नौका आधीच अधू झालेली होती आणि पंधरा दिवसांत युद्धच संपले. त्या हल्ल्याने युद्धात काय फरक पडला असे कोणी विचारले तर उत्तर अवघड आहे.

मॅगेनिस बेलफास्टचा. गरीब कॅथलिक घरातला, पंधराव्या वर्षी नौदलात शिरलेला. दुसऱ्या महायुद्धात उत्तर आयर्लंडमधून व्हिक्टोरिया क्रॉस मिळविणारा तो एकटाच. शहरातील लोकांनी वर्गणी काढून तीन हजार पौंडांहून अधिक रक्कम त्याला दिली. पण प्रॉटेस्टंट वर्चस्वाच्या नगरसभेने शहराचे मानाचे नागरिकत्व काही दिले नाही. तो कॅथलिक आणि गरीब वस्तीतला होता, हे त्याचे एक कारण असल्याचे मानले जाते. पैसे संपले, पदक विकण्याची पाळी आली, शेवटी तो इंग्लंडात ब्रॅडफर्डला जाऊन इलेक्ट्रिशियनचे काम करीत राहिला. १९८६ मध्ये तो वारला. बेलफास्टच्या नगरसभागृहाच्या आवारात त्याचे स्मारक उभे राहिले ते १९९९ मध्ये.

जपानच्याही अशा पाणबुड्या होत्या आणि त्या ब्रिटिशांच्या आधीपासून युद्धात होत्या. दोन माणसांच्या, सुमारे २४ मीटर लांब, दोन पाणतीर असलेल्या. मोठ्या पाणबुडीच्या पाठीवर बांधून त्या नेल्या जात. ७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बरवर विमाने येण्यापूर्वी तासभर आधी अमेरिकेच्या ‘वॉर्ड’ या विनाशिकेने अशी एक पाणबुडी बंदराच्या तोंडाशी बुडविली आणि तशी वर्दीही दिली. वरच्या अधिकाऱ्यांनी खात्री करून घेण्यात वेळ घालविला. त्या पाणबुडीचे अवशेष २००२ मध्ये समुद्रतळाशी सापडले, तेव्हा वॉर्डच्या लोकांचे म्हणणे खरे ठरले.

त्या दिवशी पाच पाणबुड्यांतून दहा माणसे गेली. नऊ मेली. जपानमध्ये त्या नऊ जणांना ‘युद्धदेव’ म्हणून गौरविण्यात आले, त्यांचे चित्र रंगविले गेले. पाच नौका, प्रत्येकी दोन माणसे, आणि चित्रात नऊ! दहावा कुठे गेला? दहावा काझुओ साकामाकी. होकायंत्र बिघडल्याने त्याची नौका खडकांवर चढली, सोबती बुडाला आणि तो स्वतः बेशुद्ध अवस्थेत किनाऱ्याला लागून अमेरिकेचा पहिला जपानी कैदी झाला. जिवंत सापडला म्हणून त्याचे नाव चित्रातून वगळले गेले. कागदोपत्री जपानी आरमाराच्या योजनेतही या नौकांना परत उचलून घेण्याची जागा ठरलेली होती. पण मरून येणाऱ्याचाच सन्मान करायचा असे एकदा ठरले की परतीची वाट नकाशावर असून नसल्यासारखी होते. १९४४ मध्ये जपानने ‘काइतेन’ म्हणजे माणसासकट फुटणारे पाणतीर सोडले, त्यांत परतीची वाट नकाशावरही नव्हती. हडस्पेथसारखा परत फिरणारा कप्तान तिथे काय म्हणविला गेला असता? साकामाकी मात्र १९४६ मध्ये घरी परतला, टोयोटा कंपनीत लागला, पुढे तिच्या ब्राझीलमधील शाखेचा प्रमुख झाला. आपली जुनी नौका त्याने १९९१ मध्ये अमेरिकेत टेक्सासच्या संग्रहालयात पाहिली. १९९९ मध्ये तो वारला.

तिसरी हकिकत सिडनीची. ३१ मे १९४२ च्या रात्री तीन जपानी पाणबुड्या सिडनी बंदरात शिरल्या. एक जाळ्यात अडकली, तिच्यातल्या दोघांनी स्वतःच तिला उडविले. दुसरीने अमेरिकन क्रूझरवर सोडलेला पाणतीर चुकून ‘कटाबुल’ या खलाशांच्या राहण्याच्या बोटीखाली फुटला आणि २१ जण झोपेतच गेले. तिसरी टेलर्स उपसागरात पाणसुरुंगांनी बुडाली. सापडलेल्या चार जपानी देहांचा दहनविधी ऑस्ट्रेलियन नौदलाने पूर्ण लष्करी इतमामाने केला. आपले २१ लोक नुकतेच गेलेले असताना हे केल्याबद्दल रिअर ॲडमिरल म्युअरहेड-गूल्ड यांच्यावर टीका झाली. त्यांनी ती ऐकून घेतली. अस्थी त्याच वर्षी कैद्यांच्या अदलाबदलीच्या जहाजाने जपानला पाठविल्या गेल्या.

टेलर्स उपसागरात बुडालेल्या पाणबुडीचा कप्तान केइउ मात्सुओ हा होता. १९६८ मध्ये त्याची वृद्ध आई जपानहून ऑस्ट्रेलियाला आली. तेव्हा ती ८३ वर्षांची होती. दोन तुटलेल्या पाणबुड्यांचे भाग जोडून एक नौका कॅनबेराच्या युद्धस्मारकात ठेवलेली आहे, ती तिने पाहिली. मग तिला सिडनीला त्या उपसागराच्या पाण्यावर नेण्यात आले, जिथे सव्वीस वर्षांपूर्वी तिचा मुलगा खाली गेला होता.